ठसा नसलेले सहा हेजहॉग

पत्र, थोडक्यात :

"माझं वय 52. बारा वर्षं मी ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणतात त्या काळातल्या, म्हणजे साधारण 1945 ते 1970 च्या दरम्यानच्या, धातूच्या घरगुती वस्तू जमवतोय. मेणबत्ती स्टँड, स्टीलच्या किटल्या, पितळी बुकएंड, एनॅमलचे वाडगे, ॲशट्रे, घड्याळं. दोनशेच्या वर नग झालेत. सगळे एका लहान खोलीत, चार कपाटांत, कुलपात. त्यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे एकात एक बसणाऱ्या सहा पितळी हेजहॉगांचा, म्हणजे छोट्या काटेरी प्राण्यांचा, संच. व्हिएन्नाच्या वाल्टर बोसे या कलाकाराचं काम म्हणून नऊ वर्षांपूर्वी बरेच पैसे मोजून घेतला. मध्यंतरी एका जाणकार मित्राला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘घडवणाऱ्याचा ठसा नाही, काळा थर नाही, नक्कल आहे.’ काळा थर मीच पहिल्या आठवड्यात घासून काढला होता, मला ती घाण वाटली होती. तेव्हापासून कपाट उघडावंसंच वाटत नाही. मुलगी 19 वर्षांची आहे, तिला अभ्यासाला ती खोली हवी आहे. बायको म्हणते, ‘या घरात आपण तिघं राहतो आणि दोनशे पाहुणे. ते कधी जाणार तेवढं सांग.’ तिला मी कायम सांगत आलो की ही गुंतवणूक आहे. मुलगी म्हणाली, ‘बाबा, खोटे असतील तर हेजहॉग मला दे, टेबलावर ठेवते.’ मी नाही म्हणालो. सगळं एकगठ्ठा विकून मोकळा होऊ का? आणि विकायच्या आधी सगळं लख्ख करून घेऊ का?"

नमस्कार,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यात उशीर केला तर नुकसान आहे. नाही. काहीही लख्ख करू नका. पॉलिशची बाटली आजच्या आज हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

घासणं म्हणजे मळ काढणं असं आपल्याला वाटतं. धातूच्या बाबतीत ते खरं नाही. प्रत्येक वेळी मळाबरोबर धातूही थोडा निघतो. पितळेवर वर्षानुवर्षं चढलेली तपकिरी झाक पुन्हा यायला पुन्हा तितकीच वर्षं लागतात. पितळ आंबट द्रावणात बुडवून विसरलात तर त्यातलं जस्त निघून जातं आणि तांबूस डाग उरतात. ते डाग मग सहजी जात नाहीत. क्रोमचं तर विचारूच नका. शोभेच्या वस्तूवरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, पातळ असतो. हे मला आधी माहीत असतं तर एक मेणबत्ती स्टँड वाचला असता. तारेच्या घासणीने मी तो अर्धा तास घासला, अगदी मन लावून. खाली निकेलची पिवळट छटा दिसायला लागली तेव्हा मला वाटलं की अजून मळ आहे, म्हणून आणखी जोर लावला. आता त्याच्या एका पायावर गंजाचे ठिपके आहेत. तेव्हा तुमच्या हेजहॉगांना तुम्ही काय केलंत हे वाचून मला हसू आलं नाही, एवढंच सांगते.

त्या हेजहॉगांचं मात्र जरा नीट बोलायला हवं.

बोसे यांनी 1950 च्या सुमारास जे पितळी प्राणी घडवले त्यांची ओळखच काळं आणि सोनेरी ही जोडी होती. ओतलेलं पितळ आधी काळं करायचं, मग काट्यांची टोकं, नाकाचा शेंडा अशा उंचवट्यांवरून तेवढा काळेपणा उतरवायचा. खोबणींत तो राहतो आणि त्या काळोखामुळेच प्राण्याला जीव येतो. तुम्ही जी घाण म्हणून काढलीत ती कारागिराने मुद्दाम चढवलेली असू शकते. आता गंमत बघा. मित्राने नकलेचे जे दोन पुरावे दिले, त्यातला एक तर तुमच्याच हातून तयार झालाय. काळा थर नाही म्हणून खोटे, आणि थर नाही कारण तो तुम्ही काढलात. या पुराव्याला काही अर्थ नाही.

दुसरा पुरावा ठशाचा. त्या काळच्या पुष्कळ अस्सल वस्तूंवर ठसा नसतो. कितीतरी कारखाने नुसती कागदी चिठ्ठी चिकटवत, ती पहिल्या धुण्यात जाई. उलट खोटा ठसा मारणं हे नक्कल करण्यातलं सगळ्यात सोपं काम. म्हणजे ठसा नसल्याने वस्तू खोटी ठरत नाही, आणि असल्याने खरीही ठरत नाही.

याचा अर्थ तुमचे हेजहॉग खरे आहेत असा नाही. बोसे यांच्या प्राण्यांच्या नकला त्यांच्या हयातीतच इतक्या झाल्या की त्यापायी त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ते 1979 साली गेले, नकला चालूच आहेत. तेव्हा शक्यता दोन्ही बाजूंनी आहे. पण फोटोवरून निकाल लागण्यासारखं हे प्रकरण नाही. वस्तू हातात घ्यावी लागते, आणि हातात घेतल्यावर काय बघायचं ते सांगते. हे इतर संग्राहकांच्याही उपयोगी पडेल.

नक्कल करणारा बहुतेक वेळा अस्सल वस्तूवरूनच साचा काढतो. वितळलेलं पितळ थंड होताना साधारण एक ते दोन टक्के आकसतं. म्हणून अशा साच्यातून निघालेली वस्तू मुळापेक्षा किंचित लहान असते. डोळ्यांना कळत नाही, व्हर्नियर कॅलिपरला कळतं. दुसरं म्हणजे बारकावे बोथट होतात. काट्यांच्या मुळाशी बोट फिरवा. मधली खाच खोल आणि कडा स्वच्छ आहे, की सगळं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालंय? तिसरं, वस्तू उलटी करा. घडवणाऱ्याने न दिसणाऱ्या बाजूचीही कानस नीट मारलीय, की ओतकामाचे फुगे आणि शिवण तशीच सोडलीय? चौथी गोष्ट पोरखेळासारखी वाटेल, पण लोहचुंबक लावा. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. स्टीलच्या वस्तूंना मात्र ही कसोटी लावू नका. 18/8 जातीचं, म्हणजे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेलं स्टील सहसा चुंबकाला दाद देत नाही, पण ठोकून वाकवलेल्या जागी ते थोडं ओढलं जातं. आणि EPNS अशी रोमन अक्षरं असली तर त्यातलं ‘निकेल सिल्व्हर’ म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. त्यात चांदीचा कण नसतो, चांदी असते ती वरच्या मुलाम्यात.

एवढं करूनही उत्तर ‘नक्कल’ असंच आलं तर? तर तुम्ही फसलात. ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. नऊ वर्षांनी विकणाऱ्याकडून काही हाती लागण्याची आशाही मला फारशी दिसत नाही. पण तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे आणि मला ते खुपतंय. तुम्ही धरून चालला आहात की वस्तूची सगळी किंमत तिच्या नावात आहे, नाव गेलं की सगळं गेलं. या काळातल्या वस्तूंबाबत तर नावाचा हा कारभार फार ढिसाळ आहे. अमेरिकेतले डिझायनर जॉर्ज नेल्सन यांचं ते बारा रंगीत गोळ्यांचं घड्याळ घ्या. अर्ध्या जगात ते नेल्सन यांच्या नावावर आहे, पण काम त्यांच्या कचेरीतल्या अर्विंग हार्पर यांचं मानलं जातं. नॉर्वेच्या काथरीनेहोल्म कारखान्याचे कमळपाकळ्यांचे एनॅमल वाडगे ग्रेटे प्रिट्झ किटेलसेन यांचे म्हणून विकले जातात. वाडग्याचा आकार त्यांचा खरा, पण त्या पाकळ्या आर्ने क्लाउसेन यांच्या, आणि किटेलसेनबाईंना ते नक्षीकाम पसंतही नव्हतं. ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ हा शब्दसुद्धा 1980 च्या दशकात रुळला. ज्यांनी हे सगळं घडवलं त्यांनी ते घडवताना तो बहुधा कधी उच्चारला नसेल.

शिवाय जुनं-नवं आणि खरं-खोटं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. व्हिएन्नातली आउबॉक यांची कार्यशाळा आजही त्यांच्या जुन्या पितळी वस्तू बनवते. डेन्मार्कच्या आर्ने याकोब्सेन यांची सिलिंडा-लाइन ही स्टीलच्या भांड्यांची मालिका 1967 साली स्टेल्टन कंपनीने आणली, ती अजून बनते आहे. गेल्या वर्षी बनलेला तिचा जग जुना नाही, पण खोटाही नाही. घेताना नेमका कोणता प्रश्न विचारतोय हे आपल्यालाच ठाऊक नसलं की विकणाऱ्याचं फावतं.

आता गुंतवणूक. तो शब्द तुम्ही बायकोसाठी वापरलात, खरं ना? बारा वर्षांत एकही नग विकल्याचा उल्लेख पत्रात नाही. दोनशे वेळा घेणारा आणि एकदाही न विकणारा गुंतवणूकदार मी तरी पाहिलेला नाही. या वस्तूंपैकी बहुतेक कारखान्यांत मोठ्या संख्येने निघाल्या, घराघरांत पोचाव्यात म्हणूनच निघाल्या. थोड्या दुर्मीळ वस्तूंना भाव येतो आणि फॅशन बदलली की तोही उतरतो. आवडलं म्हणून घेतलं, यात लाज कसली? लाज नसेल तर बायकोला एकदा तसं सरळ सांगून टाका. बहुधा तिला ते केव्हाच कळलेलं असेल, तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलं असेल.

आणि तिच्या त्या वाक्याकडे परत एकदा बघा. ती ‘अडगळ’ म्हणाली नाही, ‘भंगार’ म्हणाली नाही. ‘पाहुणे’ म्हणाली. पाहुणा म्हणजे ज्याला काम सांगायचं नसतं, ज्याच्या खोलीत दार वाजवल्याशिवाय जायचं नसतं. बारा वर्षांत त्या दोनशेंपैकी एकाही किटलीतून तिने कधी काही ओतलंय का? तुम्ही लिहिलं नाही, पण कुलपाचा उल्लेख केलात, त्यावरून माझा अंदाज मी बांधलाय. तिचा राग वस्तूंवर आहे असं तुम्ही गृहीत धरलंय. मला तो कुलपावर वाटतो.

मला राहून राहून वाटतं की कुलपात या वस्तूंचं काही काम नाही. दुसरं महायुद्ध संपलं, धातू पुन्हा घरगुती वस्तूंसाठी मिळू लागला. डेन्मार्क, नॉर्वे, ऑस्ट्रिया, इटली, अमेरिका अशा ठिकठिकाणच्या लोकांनी ठरवलं की रोजच्या टेबलावरची वस्तू साधी असावी आणि चांगलीही असावी. सिलिंडा-लाइनचा कॉफीचा जग हातात घेऊन बघितलाय? बाहेरून नुसतं सरळ नळकांडं आणि काळं कोनदार हँडल. पण ते नळकांडं इतकं नेमकं जमवायला यंत्रं आणि जोडकामाच्या पद्धती बसवण्यातच सुमारे तीन वर्षं गेली. इटलीच्या एन्झो मारी यांनी 1958 साली इमारतीच्या कामाची लोखंडी तुळई घेतली, तिची दोन्ही टोकं वर वाकवली आणि टेबलावर ठेवायचं तबक म्हणून दिली. बसा म्हणावं आता या तुळईला कुलपात जपत!

म्हणून वापरायला काढा. पण सरसकट नाही. स्टीलच्या किटल्या, जग, ट्रे बिनधास्त वापरा, मऊ फडक्याने धुवा आणि लगेच कोरडे करा. बुकएंडना पुस्तकं द्या. मेणबत्ती स्टँडमध्ये मेणबत्त्या लावा, अगदी ते जर्मन नागेलचे तीन पायांचे, एकमेकांत खोचून मनोरे करता येतात तेसुद्धा. मेण साचलं तर सुरीने खरवडू नका, गरम पाण्यात ठेवा आणि मऊ झालं की लाकडी काडीने काढा. पितळ-तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई नसेल तर त्यात आंबट काही ठेवू नका. ॲल्युमिनियम डिशवॉशरमध्ये गेलं की काळवंडतं. रंगीत एनॅमलबद्दल मात्र मी कडक आहे. जुन्या एनॅमलच्या रंगांत, विशेषतः लाल, नारिंगी, पिवळ्यात, कॅडमियम किंवा शिसं असू शकतं. टवका उडालेला वाडगा शोभेलाच ठेवा, खाण्याच्या पदार्थासाठी नको. जुने दिवे असतील तर वायरवरचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं, इलेक्ट्रिशियनकडून वायर बदलल्याशिवाय प्लग लावू नका. त्यासाठी मूळ भाव थोडा उतरला तरी उतरू दे.

जे कपाटातच राहील त्याला रबरबँड लावू नका. रबरातल्या आणि लोकरीतल्या गंधकाने चांदीचा मुलामा काळा पडतो. हात धुऊन, पुसूनच वस्तूला लावा, घामातल्या क्षारांचे ठसे पितळेवर कायमचे उमटतात. काही पितळी वस्तूंवर कारखान्याचंच लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, असतं. ते अर्धवट उखडलं की डाग पडल्यासारखं दिसतं आणि आपण पॉलिश घेऊन धावतो. तिथे पॉलिशचा उपयोग नाही. लॅकर पूर्ण काढावं लागतं, नाहीतर तसंच सोडावं. मी तसंच सोडते.

खोलीचं काय करायचं? एक सुट्टीचा दिवस काढा. चारही कपाटांतलं सगळं जमिनीवर चादरीवर मांडा. तुम्ही, बायको आणि मुलगी, तिघांनी एकमेकांना न सांगता कागदावर पंधरा-पंधरा वस्तू लिहायच्या. दोघांच्या यादीत आलं ते घरात, उघड्यावर, रोजच्या वापरात. फक्त तुमच्याच यादीत आलं ते एका कपाटात, आणि ते कपाट तुमच्या झोपायच्या खोलीत. तुमचं प्रेम तुमच्या डोळ्यांसमोर राहू द्या, मुलीच्या अभ्यासाच्या जागेत नको. कुठल्याच यादीत न आलेलं विकायला. मला वाटतं तो ढीग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा निघेल, आणि तो बघून तुम्हाला थोडं हलकंही वाटेल.

एकगठ्ठा मात्र विकू नका. गठ्ठा घेणारा त्यातल्या सर्वात कमी दर्जाच्या वस्तूवरून भाव धरतो. आधी दुहेरी असलेले नग काढा. जोड्या आणि संच फोडू नका, झाकणं शोधून ठेवा, मूळ खोका असेल तर तो जपा. पोचा, टवका, बदललेला स्क्रू असेल तर फोटोत तोच आधी दाखवा. लिलावात दिलंत तर कमिशन किती कापतात ते आधी लेखी घ्या. आणि जिथे खात्री नाही तिथे ‘अमुक यांच्या शैलीतलं, खात्री नाही’ असं स्वच्छ लिहा. जे तुमच्याबाबतीत झालं ते तुमच्या हातून पुढच्याच्या बाबतीत होऊ नये.

राहता राहिली मुलगी. ‘खोटे असतील तर मला दे’ हे वाक्य तुम्ही बहुधा जखमेवर मीठ म्हणून ऐकलंत. मी ते वेगळं ऐकलं. हेजहॉग घरात आले तेव्हा ती दहा वर्षांची होती. एकात एक बसणारे सहा प्राणी बघून दहा वर्षांचं मूल काय करेल? एकेक बाहेर काढून टेबलावर रांगेत मांडेल. तिने ते कधी केलं असेल का, की ते येतात न येतात तोच कपाटात गेले, हे तुम्हालाच ठाऊक. मला दिसतंय ते इतकंच की दोनशे नगांमधून तिने नेमके तेच मागितले. व्हिएन्नाचं नाव गेल्यावर मागितले. बारा वर्षांत एखादी वस्तू तिच्या नावासाठी न मागता नुसती मागणारी तुमच्या घरात एकच व्यक्ती निघाली, आणि तिला तुम्ही नाही म्हणालात.

मापं घ्यायची असतील तर या आठवड्यात घेऊन टाका, वहीत लिहून ठेवा. उत्तर खरे येवो की खोटे, संच तिच्या टेबलावर जाऊ द्या. आणि देताना परत घासू नका. खोबणींत थोडा काळेपणा उरला असेल तर उरू दे.